एक चमचा वरणाचं पाणी

जानेफळ, ता. मेहकर
१४ मे २०२५

साबणासाठी! कपड्याचे डाग काढाच्या पावडरीसाठी तूनं ती मशीन देऊन टाकली, अन् हे मले तुह्या पोरीच्या तोंडून कळलं, तेही साबुदाना भिजवता भिजवता तिच्या तोंडून निसटलं म्हणून. म्हणे, बाबाच्या कंपनीनं छकुलीचं काम बंद केलं, आता मशीन साबणाच्या एन्झाइमवर लावली. एवढं बोलून तिनं ओढणी डोळ्याले लावली. मी म्हटलं, रडू नको, साबुदान्यात पाणी जास्त झालं ते पाहा.

प्रसेनजित, तू माह्या पोराशी, गोकुळशी, फोनवर बोलतो अन् माहा आवाज आला की कापतो. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागत नसेल तं चष्मा लाव. जयभीम शेवटी लिहीन, जागा उरली तं.

तू माहा लहान भाऊ. तुही पुष्पांजली माह्या घरात सून. मामाची पोरगी भाच्याले देणं आपल्यात चालत आलं, मी मागितली अन् तूनं देल्ली. तू हैद्राबादेत रक्तामांसाचं शिकलेला माणूस, तुले तेव्हा बोलता येत नव्हतं काय, की बाई, जवळच्या नात्यात नको? तू तं लग्नाच्या हॉलमध्ये माह्या गळ्यात पडून रडला, आपल्या घरातली पोरगी आपल्याच घरात राह्यली म्हणून. मंग छकुली झाली. दहा महिन्याची झाली तरी मान धरत नव्हती, केस भुरे, लंगोट्याले उंदरासारखा वास. तूच रक्त तपासलं. तूच सांगतलं की दोघांच्याबी अंगात एकच खोट आहे, आपल्या मायकडून आलेली. माय तं गेली, तिले काय विचारता.

जेवणातली एक चीज कापाची कात्री छकुलीच्या अंगात नाही, असं तूनं मले समजावलं होतं. डाळीत, दुधात, अंड्यात, जवारीत, सगळ्यात ती चीज असते. न कापलेली चीज रक्तातून डोक्यात जाते अन् डोकं जाळते. म्हणून पोट्टीले साबुदाना, भोपळा, काकडी, साखर, अन् तुम्ही पाठवता ती पावडर. त्या पावडरीचा वास घेऊन माह्या बकरीनं तोंड फिरवलं होतं. तरी पोट्टी नाक दाबून पिते. साडेतीन वर्षाची आहे, बोलते किती! बकरीले बोकू म्हणते, मले आदी म्हणते.

अन् तूनं काय म्हटलं होतं? तिच्या पहिल्या वाढदिवसाले, इथं माह्या ओट्यावर, चपला घालता घालता? "बाई, तीन वर्षं दे. ती कात्री आमची मशीन बनवते. गोळीत घालू, पोटातच कापून टाकेल, छकुली पुरणपोळी खाईल." आमच्या घरचे, पुंजाजी, तिथंच बिडी ओढत बसले होते, त्यांनीबी ऐकलं.

परवा वैशाख पौर्णिमेले विहारात खीर होती. सगळी लेकरं रांगेत बसली. छकुलीनं बाजूच्या पोराच्या द्रोणात बोट घातलं अन् तोंडाले लावणार तेवढ्यात पुष्पांजलीनं हात असा ओढला की द्रोण उलटा. सगळ्या बायांसमोर. केसरबाई, आमच्या मागच्या घरची, ते तं वाटच पाहून राह्यली असते. म्हणे, "काऊन वं पुष्पांजली, बुद्धाची खीर अन् पोरीच्या तोंडातून काढून राह्यली? तुमच्या हैद्राबादेत असंच असते काय?" पुष्पांजली सांडलेली खीर पुसत बसली. पोट्टी रडून रडून निळी पडली. मी उत्तर देल्लं केसरबाईले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर मले सांग, काऊन बंद केलं. अन् पुष्पांजलीले सांगतो तसं गोड करून नको. मले सांग जसं आहे तसं.

कलाबाई

(जागा उरली नाही.)


जानेफळ
११ जून २०२५

तुहं पत्र मिळालं. चार पानं लिहिली, बरं झालं, पण वाचाले मले तीन दिवस लागले, कारण मधात मधात तू माफी मागत होता. माफीची वाक्यं मी सोडून वाचली.

मले तुही मशीन याद आहे. तू मले काचेच्या बाहेर उभं केलं होतं, चपला काढून, डोक्याले ती कागदाची टोपी. आत कोणी माणूस नाही. एक लोखंडाचा हात फक्त, तो इकडून प्लेट उचलते, तिकडं ठेवते, वरून बारीक बारीक नळ्या येतात अन् थेंब सोडतात. प्लेट म्हणजे अप्प्याच्या भांड्यासारखी, पण खळगे एवढे बारीक की मोहरी बसणार नाही. तू म्हणाला, बाई, एका एका खळग्यात थोडी थोडी वेगळी कात्री आहे. हजारो. कोणती चांगली कापते ते मशीन पाहते, ते ठेवते, बाकीचं टाकते. मंग त्या ठेवलेलीच्या पुन्हा हजार नकला, प्रत्येकीत थोडा फरक, पुन्हा तपास, पुन्हा टाक. अशा फेऱ्या. रात्रंदिवस, माणसाचा हात न लागता. मी विचारलं, टाकलेलं कुठं जाते? तू म्हणाला, कुकरसारख्या भांड्यात शिजवून मारून टाकतो. तेव्हा मले हसू आलं होतं, एवढं शिकून तुम्ही लोकं शेवटी शिजवताच.

आता तू लिहिलं की फेऱ्या झाल्या, कात्री अशी फास्ट निघाली की तुमच्या कंपनीत टाळ्या वाजल्या. अन् मंग उंदराच्या पोटात घातली तं पोटातल्या आंबटात ती चहा व्हाच्या आत मेली. कारण सगळ्या फेऱ्या तुम्ही स्वच्छ पाण्यात घेतल्या. मशीनले तुम्ही "कोण जोरात कापते" एवढंच विचारलं, तिनं तेवढंच देल्लं. "पोटात कोण जगते" हे कोणी विचारलंच नाही. तुह्या शब्दात: मशीन आपण विचारू त्याचंच उत्तर देते, बाई, आपल्या मनातल्या गोष्टीचं देत नाही.

मंग विचारलं काऊन नाही बे? पोहणारा पाह्यजे होता अन् तूनं पळणाऱ्याचा नंबर काढला. मी तुले सांभाळाले शाळा सोडून घरी बसली ती यासाठी? तू लिहितो, चूक माही होती, कंपनीचा धीर संपला. तुह्या कंपनीचा धीर संपला. माही नात कुठं संपवावी मी?

पण एक गोष्ट मले पटली. तूनं तिसऱ्या पानावर लिहिलं की पुन्हा मशीन मिळाली तं यावेळी पहिल्या फेरीत थोडंसं आंबट घालीन, पुढच्या फेरीत जास्त, मंग अजून जास्त. जे टिकते ते ठेवायचं. असं करता करता शेवटी पुऱ्या आंबटात टिकणारी कात्री तयार होते. एकदम पोटात टाकलं तं मरते, हळूहळू नेलं तं टिकते. हे खरं आहे. पुंजाजीचे बाप बिडीच्या पहिल्या झुरक्यानं ओकले होते, नंतर बंडल पुरत नव्हतं. रोपबी सावलीतून उन्हात असंच नेतात.

त्याच्या खाली तूनं काही लिहिलं आहे की एकच कात्री शिकत नसते, हजार मरतात तेव्हा एक उरते, वगैरे. ते लांबलं होतं. माहा भात लागत होता, मी सोडलं.

पुष्पांजली आता दुकानात बसते. गोकुळच्या मेडिकलवरचा पोऱ्या सोडून गेला, म्हणून ती सकाळी जाते ते दिवे लागाले येते. छकुली दिवसभर माह्याजवळ असते. माहं मी पाहून घेईन, तू साबण बनव.

कलाबाई


जानेफळ
१० ऑगस्ट २०२५

आता बोल.

आता हे पत्र पुष्पांजलीले फोनवर वाचून दाखव, मले काही फरक पडत नाही. छकुलीनं काल माह्या बाजूले बसून भाकर खाल्ली. जवारीची, तव्यावरची. पुंजाजीच्या ताटात वरणात चुरली, एवढूशा हातानं कालवली, अन् खाल्ली. तिच्या आज्यानं घास तोंडात धरला अन् तिच्याकडं पाहतच राह्यले, गिळणं विसरले. पोट्टी म्हणे, "आबा, खा ना." म्हातारा रडला. मी पस्तीस वर्षं त्याच्यासोबत राहून राह्यली, त्याच्या मायच्या मयतीले नव्हता रडला.

तुले वाटत असेल तूनं परवानगी देल्ली म्हणून झालं. नाही. तुह्या परवानगीच्या आधीपासून चालू आहे. तुहं पत्र आलं त्याच आठवड्यात मी सुरू केलं. पहिल्यानं साबुदान्यावर एक चमचा वरणाचं पाणी, नुसतं वरचं पाणी, डाळ नाही. पाह्यलं. ओकारी नाही, ताप नाही, पोट साफ. मंग दोन चमचे. मंग चहात दूध. मंग डाळीचा गाळ. प्रत्येक फेरीले पोट्टी टिकली की पुढची फेरी. तुह्या मशीनसारखंच, फक्त इथं लोखंडाचा हात नाही, माहा आहे. पहिल्या दिवशी तिनं चमचा चाटला अन् माह्या तोंडाकडं असं पाह्यलं, जसं मी तिच्यापासून एवढे दिवस काही चोरून ठेवलं होतं.

तपासबी मी तुह्यापेक्षा चांगला केला. अंगणवाडीतल्या सिंधूताईच्या काट्यावर दर आठवड्याले वजन. वाढलं! गाल भरले. सिंधूताई म्हणे, "कलाबाई, काय चारून राह्यल्या हो, पोरगी तं पहा कशी गुटगुटीत झाली." मी म्हटलं, आजीचा हात.

पुष्पांजलीले सांगतलं नाही. तिनं पहिल्याच चमच्याले रडून गाव गोळा केलं असतं. फेऱ्या मधात थांबवल्या तं काय उपयोग, तुमच्यासारखं व्हाचं, अर्धं काम करून साबण.

अन् रिपोर्ट! तूच पाह्यला ना? दर महिन्याले बोट टोचून त्या कागदाच्या कार्डावर रक्ताचे थेंब पाडून तुह्याकडं पाठवतो, ते काम मीच करते, तुले माहीत आहे, तुह्या पोरीले रक्त पाहवत नाही. नेहमीसारखं केलं. टोचलं, थेंब पाडले, वाळवलं, पोस्टात टाकलं. जूनच्या कार्डाचा आकडा आला तेव्हा तूनं गोकुळले फोन करून दोनदा विचारलं म्हणे, की हे छकुलीचंच ना, एवढा खाली कधी आलाच नव्हता. जुलैचाबी तसाच. तेव्हा तू काय म्हणाला ते गोकुळच्या फोनात लिहिलेलं आहे: "तिच्या अंगात थोडी कात्री असावी, उशिरा जागी झाली असेल, असं कधी कधी होते. वरण अर्धी वाटी सुरू करा, काही होत नाही." हे तू लिहिलं. मी नाही लिहिलं. पुष्पांजलीनं ते वाचलं अन् मले मिठी मारली, आत्या, आत्या म्हणत. दुकानातले कपडे, औषधाचा वास, तशीच.

काही किरकोळ आहे तेबी लिहून टाकते, नाहीतर म्हणशील लपवलं. पोट्टी जराशी चिडकी झाली. हात थोडा थरथरते, पण ते दात येऊन राह्यले म्हणून. गाणं म्हणता म्हणता मधातच थांबते अन् भिंतीकडं पाहते. पुंजाजी म्हणाले, "कला, पोट्टीले पुन्हा तो वास येऊन राह्यला." मी म्हटलं, "तुमच्या बिडीपुढं तुम्हाले दुसरा वास येते?" साबण बदलला, एवढंच.

एकदा तरी लिही की बाई, तूनं केलं ते माह्या मशीननं नाही केलं. जास्त नको, तेवढी एक ओळ.

कलाबाई


जानेफळ
४ सप्टेंबर २०२५

एक ओळ मागितली होती. तूनं फोन करून गोकुळले सांगतलं की आजच्या आज अकोल्याले न्या, शिरेतून रक्त घ्या, डॉक्टरच्या हातानं. माहं पत्र वाचून तुही हवा गेली ना? पाह्यजे होता तेव्हा बहिणीवर भरवसा नव्हता, अन् आता बहिणीनं करून दाखवलं तं अकोला.

गेलो. मी, गोकुळ, पुष्पांजली. पोट्टी पुऱ्या रस्त्यानं काही बोलली नाही. खिडकीतून बकऱ्या दिसल्या, मी म्हटलं, बोकू पाह्य छकुले, बोकू. तिनं पाह्यलं. बोलली नाही.

डॉक्टरनं आकडा सांगतला तो तुले माहीत आहे. तुह्या कार्डावरच्या आकड्याचा अन् त्याचा काही संबंधच नव्हता. डॉक्टर म्हणे, मशीन पुन्हा लावू, चुकलं असेल. पुन्हा लावलं. तोच. मंग तुही पोरगी माह्याकडं वळली. दवाखान्याच्या त्या बाकावर. आवाज चढवला नाही, तिले येतच नाही.

"आत्या, कार्डावर कोणाचं रक्त होतं?"

मी म्हटलं, "माहं."

"काऊन?"

"तू थांबवलं असतं म्हणून."

गोकुळ म्हणे, "माय, तुले कळते काय तू काय बोलून राह्यली?" मी म्हटलं, हाव, कळते, म्हणूनच बोलून राह्यली, तुमच्यासारखं रडत नाही. माहं बोट काय परक्याचं आहे? त्याच मायचं रक्त ना, जिच्यापासून ही खोट आली? दोन महिने तू ते रक्त पाह्यलं, प्रसेनजित. मोठमोठ्या मशिनीत घातलं. तुले तुह्या बहिणीचं रक्त ओळखू आलं नाही, अन् मले विचारतात मले काय कळते.

पुष्पांजलीनं माह्या हातातून पाण्याची बाटली घेतली. माही नव्हती ती, छकुलीची होती. घेतली अन् बाकाच्या दुसऱ्या टोकाले जाऊन बसली. बस तेवढंच केलं. मारलं असतं तं बरं झालं असतं, मलेबी मारता आलं असतं.

झटका परतताना आला, वाशिमकडच्या मालेगावच्या पुढं. डोळे वर, हातपाय ताठ, तोंडातून फेस. गोकुळनं गाडी उलटी अकोल्याकडं वळवली. मी तोंडात चमचा घालाले गेली तं पुष्पांजलीनं माहा हात धरला अन् म्हणे, "तुम्ही हात लावू नका." तुम्ही. आजपर्यंत मले तू म्हणणारी.

अकोल्याच्या दवाखान्यातूनच ती छकुलीले घेऊन हैद्राबादेले निघाली, घरीबी आली नाही. छकुलीची लाल वाटी इथंच राह्यली.

तुहं कालचं बोलणं गोकुळनं मले सांगतलं. तू म्हणतो की बाईनं पोटाचा तपास केला, अन् बिघडत होतं डोक्यात. ओकारी पाह्यली, वजन पाह्यलं, अन् पाहाचं होतं ते पाह्यलंच नाही. बरं. तूनं स्वच्छ पाण्यात तपास केला अन् पाहाचं होतं पोट. तुही कात्री मेली तं तुह्या कंपनीनं तुले दुसरं काम देल्लं. माही फेरी चुकली तं मले हात लावू नका म्हणतात. हा फरक कुठून आला? सांग मले.

अन् एक सांगू? पहिले काही आठवडे खरंच चांगले गेले. ते काय खोटं होतं? ती खात होती. पुंजाजीच्या बाजूले बसून खात होती, विहारातल्या लेकरांसारखी. साडेतीन वर्षात तिले कोणी पोटभर जेवू घातलं असेल तं ते मी. तूनं नाही. तुह्या मशीननं नाही. हे माह्यापासून कोणी काढून घेऊ शकत नाही.

फेऱ्या मधात थांबवल्या तुम्ही. अजून दोन-तीन फेऱ्या झाल्या असत्या तं कोणाले माहीत.

कलाबाई


जानेफळ
२९ सप्टेंबर २०२५

तू उत्तर देत नाही, ठीक आहे. पोस्टमन आता माह्या दारासमोरून जाताना सायकलची घंटी वाजवत नाही, तोंड दुसरीकडं करते.

गोकुळ मागच्या आठवड्यात मेडिकलले कुलूप लावून तुमच्याकडं गेला. जाताना पाया पडला नाही. पुंजाजीशी बोलला ते ओट्यावर, हळू. मी आतून ऐकलं. म्हणे, मामानं कंपनीच्या हातापाया पडून मशीन परत मिळवली. म्हणे, आता पहिल्या फेरीपासूनच आंबटात तपासून राह्यले, थोडं थोडं वाढवत, अन् मशीन दिवसरात्र चालू आहे, मामा तिथंच जेवतात. पुंजाजीनं विचारलं, "अन् छकुली?" तं गोकुळनं चप्पल घातली अन् निघून गेला.

म्हणजे आता तुले सुचलं. नातीचं डोकं जळल्यावर तुह्या कंपनीले दया आली. आधी पोट्टी गाणी म्हणत होती तेव्हा साबण होता.

केसरबाई काल मुद्दाम आली. साखर मागाच्या बहाण्यानं. म्हणे, "कलाबाई, पोरगी बोलत नाही म्हणतात, खरं काय?" मी म्हटलं, "तुले कोणी सांगतलं?" म्हणे, "गावात चाललं आहे." मी म्हटलं, "गावाले सांग, ती तुह्यापेक्षा जास्त बोलते, फक्त हैद्राबादेत बोलते." साखर देल्ली नाही. पण तिच्या तोंडावर जे होतं ते मी पाह्यलं. ती खूश नव्हती. केसरबाई खूश नव्हती! म्हणजे काहीतरी खरंच असलं पाह्यजे.

पुंजाजी माह्याशी बोलत नाही. जेवतात, उठतात. परवा मी म्हटलं, "तुम्हीबी तं तिच्यासोबत जेवले, रडले, तेव्हा नाही बोलले काही." म्हणाले, "मी वास सांगतला होता." बस. त्यानंतर ते बकरीजवळ जाऊन बसले.

आता नीट वाच. हे मी चार वेळा लिहून फाडलं, आता पाचव्यांदा लिहून राह्यली.

मले छकुली परत पाह्यजे. बोलत असेल तं बोलणारी, नसेल बोलत तं न बोलणारी. झटके येत असतील तं झटक्यासहित. तिले साबुदाना मी चारीन, ती वासाची पावडर मी पाजीन, बोट डॉक्टर टोचेल, मी हातबी लावणार नाही. तुह्या घरात तिले तुही पोरगी दिवसभर कवटाळून रडत असेल, तू मशीनजवळ, गोकुळ नव्या गावात नोकरी शोधत. तिच्याशी बोलून कोण राह्यलं? मले तं येते तिच्याशी बोलता. ती नाही बोलली तरी मी बोलीन. बोकूचं सांगीन.

पुष्पांजली यायाची नसेल तं नको येऊ. पण मंग माह्या पोराचं काय कराचं ते मी ठरवीन. आमच्या गल्लीतल्या सत्यभामाबाईच्या पुतणीचं स्थळ मी पाहून ठेवलं आहे, संग्रामपूरची, आपल्या नात्यातली नाही, रक्त तपासून. हे तिले सांग. तिच्या तोंडावर सांग.

अन् तू नाही पाठवलं तं मी येते. मी तुह्या घरी येणार नाही. तुह्या कंपनीच्या दारात येते, त्या काचेच्या दारात. गोकुळच्या फोनातला तुहा निरोप मी त्याच्याकडून आधीच माह्या फोनात घेऊन ठेवला होता, खुशीत, जेव्हा सगळे खूश होते तेव्हा. "वरण अर्धी वाटी सुरू करा, काही होत नाही." खाली तुहं नाव. तुह्या साहेबांले दाखवीन. म्हणीन, हा तुमचा माणूस, यानं हैद्राबादेत बसून माह्या नातीले वरण चालू कराले सांगतलं, अन् पोरगी मुकी झाली. ते मले विचारतील, तपास कसा केला होता? मी सांगीन, त्यानंच केला होता, दोनदा, त्याच्याच मशीनवर. हे खोटं आहे काय? एकबी अक्षर खोटं नाही. कार्डावर रक्त कोणाचं होतं हे विचाराले तिथं कोणी नसेल, अन् मी सांगणार नाही. तू सांगशील? सांग. म्हण, माह्या सख्ख्या बहिणीनं मले फसवलं अन् मले कळलं नाही. मंग तुह्या हातात ती मशीन ठेवतील काय ते पाहू.

मशीन गेली तं छकुलीची कात्री गेली, हे मले कळते. मूर्ख समजू नको. कळूनच लिहून राह्यली. तुलेबी कळलं पाह्यजे की मी इथपर्यंत येईन.

चौदा ऑक्टोबरले इथले सगळे नागपूरले दीक्षाभूमीवर जातील. मी यंदा जाणार नाही, घरीच बसीन, दार उघडं ठेवून. त्या दिवशी दिवे लागाच्या आत तुहं पत्र पाह्यजे, तुह्या हातचं, गोकुळच्या नाही, पुष्पांजलीच्या नाही. त्यात दोनच गोष्टी लिही. छकुलीले कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं पाठवून राह्यला. अन् ती गेल्यापासून एक तरी शब्द बोलली काय, अन् बोलली असेल तं कोणता.

दुसरी गोष्ट आधी लिही.

तुही बाई